नववीत व्यवसाय विषय निवडताना : बेळगाव सीमाभागातील पालकांसाठी मार्गदर्शन

आठवीची परीक्षा आटोपल्यावर, नववीचे वर्ग सुरू होण्याआधी, कर्नाटकातील काही हायस्कुलांत पालकांना विचारले जाते, की मुलाला तिसरी भाषा द्यायची की व्यवसाय विषय. बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या मुलाने काय घेतले यावरून ठरते किंवा वर्गशिक्षकांवर सोपवले जाते. खरे पाहता या निवडीचा परिणाम दहावीच्या गुणपत्रिकेवर, भाषेच्या तयारीवर आणि काही प्रसंगी पुढच्या प्रवेशातील सवलतींवरही होतो. सीमाभागातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासमोर माध्यम, कन्नड आणि दोन राज्यांचे प्रवेशनियम असे तीन प्रश्न एकाच वेळी उभे असतात, म्हणून त्याने हा निर्णय अधिक बारकाईने घ्यावा. या विषयाची काहीच माहिती नसलेल्या पालकांसाठी निर्णयाच्या पायऱ्या पुढे क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी : विषय नेमका काय आहे हे समजून घेणे

केंद्र सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एनएसक्यूएफ म्हणतात, आणि शाळेत, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या (बीईओ) कार्यालयात किंवा परीक्षेच्या वेळापत्रकात हेच नाव कानी पडते. या आराखड्यानुसार नववीपासून व्यवसाय विषय शिकवले जातात. कर्नाटकातील एसएसएलसी, म्हणजे दहावीच्या, परीक्षेत ज्या दिवशी तिसऱ्या भाषेचा पेपर असतो, त्याच दिवशी माहिती तंत्रज्ञान, रिटेल, ऑटोमोबाईल, आरोग्यसेवा आणि सौंदर्य व निगा या व्यवसाय विषयांचे पेपर होतात. याचा अर्थ सरळ आहे. व्यवसाय विषय हा जादाचा सातवा विषय नसून तो तिसऱ्या भाषेच्या जागी येतो आणि त्याचे गुण ६२५ गुणांच्या एकूण बेरजेत धरले जातात.

या विषयाचे दोन भाग असतात. एक भाग त्या व्यवसायाचा असतो. दुसरा भाग सर्व व्यवसायांना समान असून त्यात संवादकौशल्य, स्वव्यवस्थापन, संगणकाचा प्राथमिक वापर, उद्योजकता आणि पर्यावरणपूरक कौशल्ये हे घटक येतात. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक परीक्षाही होते. अभ्यासक्रमाचा आराखडा एनसीईआरटीच्या भोपाळ येथील पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेत तयार होतो आणि प्रत्येक विषय एका ठराविक कामाशी जोडलेला असतो. नववी-दहावीच्या पातळीवर रिटेलचा विषय दुकानातील कामकाज साहाय्यकाचा, माहिती तंत्रज्ञानाचा डेटा एन्ट्री ऑपरेटरचा, आरोग्यसेवेचा घरगुती रुग्णसेवा साहाय्यकाचा, तर सौंदर्य व निगा हा साहाय्यक ब्यूटी थेरपिस्टचा आहे. ही कामांची नावे पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावीत. ‘हेल्थकेअर’ हा शब्द ऐकून मुलगी नर्स होणार असे गृहीत धरणारे पालक पुष्कळ आढळतात. प्रत्यक्षात जीएनएमसारख्या नर्सिंग अभ्यासक्रमाला बारावी उत्तीर्ण व्हावे लागते आणि बी.एस्सी. नर्सिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय लागतात. दहावीचा व्यवसाय विषय या अटींची जागा घेऊ शकत नाही.

सीबीएसई शाळांतील व्यवस्था वेगळी आहे. तेथे कौशल्य विषय पाच मुख्य विषयांव्यतिरिक्त सहावा म्हणून घेता येतो. माहिती तंत्रज्ञान (विषय क्रमांक ४०२) आणि कृत्रिम बुद्धिमत्ता (४१७) हे त्यांतले परिचित विषय आहेत. विज्ञान, गणित किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एका विषयात विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला, तर उत्तीर्ण झालेला कौशल्य विषय त्याच्या जागी धरण्याची तरतूदही तेथे आहे. मात्र अशा प्रकारे गणित किंवा विज्ञान वगळून मिळालेले यश पुढे विज्ञान शाखा किंवा डिप्लोमा घेताना अडचणीचे ठरते, म्हणून या तरतुदीच्या भरवशावर अभ्यास सैल सोडू नये. यापुढील विवेचन राज्य मंडळाच्या शाळांविषयी आहे.

दुसरी पायरी : विषय कोठे शिकवला जातो हे शोधणे

बेळगाव जिल्ह्यात शालेय शिक्षण खात्याचे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत : बेळगाव आणि चिक्कोडी. खानापूर व बेळगाव तालुक्यांतील शाळा पहिल्यात, तर निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी या भागांतील शाळा दुसऱ्यात येतात. आपल्या तालुक्यातील कोणत्या हायस्कुलात कोणता व्यवसाय विषय चालू आहे, याची माहिती बीईओ कार्यालयात मिळते. सर्व शाळांत हे विषय नसतात, आणि ज्या शाळेत असतात तेथेही पाचही विषयांची निवड सहसा मिळत नाही.

मराठी पालकांची खरी अडचण येथूनच सुरू होते. ही योजना प्रामुख्याने सरकारी हायस्कुलांभोवती उभी राहिली, तर सीमाभागातील मराठी माध्यमाची हायस्कुले बहुतांशी खासगी अनुदानित संस्थांची आहेत. त्यामुळे गावातल्या मराठी प्राथमिक शाळेतून जवळच्या मराठी हायस्कुलात गेलेल्या मुलाच्या शाळेत हा विषय नसण्याची शक्यता मोठी असते. मग एखादा उत्साही नातेवाईक सुचवतो, की दोन-तीन मैलांवरच्या कन्नड माध्यमाच्या सरकारी हायस्कुलात घाला, तेथे ऑटोमोबाईल आहे. हा सल्ला मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एका विषयासाठी नववीत गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र यांचे माध्यम बदलणे हा तोट्याचा व्यवहार आहे. जो विद्यार्थी आठ वर्षे मराठीतून भूमिती आणि भौतिकशास्त्राच्या संज्ञा शिकला, त्याला दोन वर्षांत त्या संज्ञा कन्नडमधून आत्मसात करून बोर्डाची परीक्षा द्यावी लागते. शिवाय व्यवसाय विषयातून मिळणारे प्राथमिक ज्ञान दहावीनंतर आयटीआयमध्ये अधिक चांगल्या यंत्रांवर मिळतेच.

तिसरी पायरी : बदल्यात काय जाते याचा हिशेब

विषय शाळेत उपलब्ध आहे असे समजून पुढे जाऊ. सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि नेमकी हीच बहुतेक जण ओलांडून जातात. व्यवसाय विषय तिसऱ्या भाषेच्या जागी येत असल्यामुळे आपल्या मुलाची तिसरी भाषा कोणती, हे आधी पाहावे. मराठी ही पहिली भाषा असलेल्या विद्यार्थ्याची उरलेली दोन स्थाने कन्नड, इंग्रजी व हिंदी यांपैकी कोणत्या दोन भाषांना मिळाली आहेत, हे शाळेच्या वेळापत्रकात पाहूनच खात्री करावी. २०१५ च्या कर्नाटकातील कायद्याने कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवण्याची तरतूद केली आहे, तरी केवळ कायदा ऐकून अंदाज बांधू नये.

तिसरी भाषा हिंदी असेल, तर ती सोडण्याने होणारे नुकसान मर्यादित आहे. बेळगावात वाढलेल्या मुलाच्या कानावर हिंदी पडत राहते आणि देवनागरी लिपी त्याला येतेच. तिसरी भाषा कन्नड असेल, तर मात्र थांबून विचार करावा. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या अनेक भरत्यांत कन्नड भाषेची सक्तीची परीक्षा असते, सरकारी कार्यालयांतील अर्ज आणि आदेश कन्नडमध्ये निघतात, आणि बेळगावच्या बाजारपेठेत किंवा कारखान्यात वरच्या जागेवर जाताना कन्नड वाचता-लिहिता येणे उपयोगी पडते. कन्नडच्या प्रश्नावर आपली राजकीय भूमिका काहीही असो, मुलाच्या हातातील एक लिपी कमी करताना तो विचार बाजूला ठेवावा. तिसरी भाषा इंग्रजी असेल, तर ती सोडण्याचा विचारच करू नये. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला पीयूसी (अकरावी-बारावी), डिप्लोमा आणि आयटीआयच्या पुस्तकांत पहिली झुंज इंग्रजीशीच द्यावी लागते.

दुसरा हिशेब ग्रामीण सवलतीचा आहे. कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या अभियांत्रिकी व इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात ग्रामीण राखीव जागांचा लाभ मिळण्यासाठी पहिली ते दहावी अशी सलग दहा वर्षे ग्रामीण भागातील शाळेत शिकलेले असावे लागते. खानापूर तालुक्यातील किंवा बेळगावजवळच्या एखाद्या खेड्यातील मुलाला केवळ व्यवसाय विषयासाठी शहरातील हायस्कुलात घातले, तर त्याची आधीची आठ वर्षे या सवलतीच्या दृष्टीने वाया जातात. शहरात शाळा बदलण्याचा निर्णय कोणी घेऊ नये असे मी म्हणत नाही, पण दाखला काढण्यापूर्वी ही गोष्ट माहीत असावी.

चौथी पायरी : विषय आणि आपला परिसर यांची सांगड

माहिती तंत्रज्ञानाकडे सर्वाधिक ओढा असतो. या पातळीवर टंकलेखन, वर्ड प्रोसेसर, स्प्रेडशीट आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर एवढेच शिकवले जाते. सॉफ्टवेअर अभियंता होण्याशी त्याचा संबंध अगदी दूरचा आहे. तरीही सीमाभागात त्याचा वेगळा उपयोग आहे, कारण येथे तीन लिप्यांत टंकलेखन करणारा माणूस लागतो. खेड्यांत सरकारी सेवा देणारी ‘ग्राम वन’ (Grama One) केंद्रे, सहकारी पतसंस्था, वकिलांची कार्यालये आणि झेरॉक्सची दुकाने यांत कन्नड, मराठी आणि इंग्रजी या तिन्हींत अचूक टंकलेखन करणाऱ्याला काम मिळते. म्हणून हा विषय घेणाऱ्याने सुट्टीत नुडी या कन्नड टंकलेखन प्रणालीचा आणि मराठी युनिकोडचा सराव करावा. शाळेत हा विषय नसला, तरी कर्नाटक शालेय परीक्षा व मूल्यनिर्णय मंडळाच्या टंकलेखन परीक्षा बाहेरून देता येतात, आणि माझ्या मते त्यांचे प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जात अधिक ठळक दिसते.

ऑटोमोबाईलचा विषय बेळगावच्या उद्योगांशी जवळचा आहे, पण गृहीत धरले जाते तितका थेट नाही. उद्यमबाग आणि मच्छे येथील उद्योग प्रामुख्याने ओतकाम, यंत्रभाग आणि हायड्रॉलिक्सचे आहेत, तर पुणे-बेंगळूर महामार्गावर हत्तरगीजवळ विमानांच्या सुट्या भागांचे उत्पादन होते. या ठिकाणी गाडी दुरुस्त करणाऱ्यापेक्षा ड्रॉइंग वाचणारा, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने अचूक माप घेणारा, संगणक-नियंत्रित (सीएनसी) यंत्र चालवणारा कामगार लागतो. ऑटोमोबाईलच्या वर्गात हत्यारांची ओळख, सुरक्षिततेचे नियम आणि यंत्राच्या भागांची नावे शिकायला मिळतात. तेवढा पाया फिटर, टर्नर किंवा मशिनिस्टसाठी उपयोगी आहे. ज्याला पुढे गॅरेजच टाकायचे आहे, त्याला तर हा विषय सरळ उपयोगाचा आहे. मुलींनी हा विषय घेऊ नये असा कोणताही नियम नाही. कारखान्यांच्या तपासणी विभागांत मुली काम करताना दिसतात.

रिटेल हा विषय कमी लेखला जातो. बेळगावच्या खडे बझार आणि गणपत गल्लीत एकाच गिऱ्हाईकाशी तीन भाषांत बोलणारे विक्रेते आहेत आणि गोव्यातूनही माणसे येथे खरेदीला येतात. ज्यांच्या घरी किराणा, कापड किंवा चपलांचे दुकान आहे, त्या मुलांना साठ्याची नोंद, बिलिंग आणि मालाची मांडणी या गोष्टी घरच्या दुकानात लगेच वापरता येतात. अथणी-निपाणी भागातील चर्मकार कुटुंबांतील मुलांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही समाविष्ट झाले. मालाची किंमत ठरवणे, ऑनलाइन विक्रीसाठी नोंद करणे आणि बिल देणे ज्याला येते, त्याला या मानांकनाचा उपयोग करून घेता येईल.

आरोग्यसेवेबद्दल वर सांगितलेच आहे. वृद्धांची शुश्रूषा, स्वच्छता आणि प्रथमोपचार शिकण्यासाठी हा विषय चांगला आहे, फक्त त्याकडून नर्सिंगच्या प्रवेशाची अपेक्षा ठेवू नये. सौंदर्य व निगा या विषयाचा फायदा असा, की घरातल्या एका खोलीत आणि थोड्या भांडवलात काम सुरू करता येते.

मुलाचा कल चित्रकलेकडे किंवा संगीताकडे असेल, तर त्यासाठी व्यवसाय विषयाची वाट पाहण्याची गरज नाही. चित्रकला आणि संगीताच्या स्वतंत्र परीक्षा शाळेतील विषयरचनेला हात न लावता देता येतात. खानापूरला खादी व ग्रामोद्योग आयोगाची मातीकामाचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे, तीही कुंभारकामात रस असलेल्यांनी पाहून यावी.

पाचवी पायरी : प्रयोगशाळा आणि शिक्षक प्रत्यक्ष पाहणे

होकार देण्यापूर्वी शाळेत जाऊन प्रयोगशाळा उघडून दाखवण्याची विनंती करावी. ही विनंती नम्रपणे पण नक्की करावी. संगणक चालू आहेत का, ऑटोमोबाईलच्या खोलीत इंजिनाचा कापलेला नमुना आणि हत्यारे आहेत की केवळ तक्ते लावलेले आहेत, हे पाहण्यास दहा मिनिटे लागतात. व्यवसाय विषयाचे प्रशिक्षक अनेकदा कंत्राटावर, बाहेरच्या संस्थेमार्फत नेमलेले असतात आणि वर्षाच्या सुरुवातीला त्यांची नेमणूक लांबण्याची शक्यता असते. म्हणून मागील वर्षी प्रशिक्षक कोणत्या महिन्यात रुजू झाले, हा प्रश्न अवश्य विचारावा. त्याचबरोबर पाठ्यपुस्तक आणि प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत मिळेल, हे मुख्याध्यापकांकडून स्पष्ट करून घ्यावे, कारण मराठी माध्यमाच्या मुलाला हा एक विषय कन्नड किंवा इंग्रजीतून लिहावा लागणार असेल, तर त्याची तयारी जूनपासूनच करावी लागेल. सर्वांत विश्वासार्ह माहिती मात्र त्या शाळेतील आताच्या दहावीच्या मुलांकडून मिळते. प्रात्यक्षिक खरोखर होते का, असे त्यांना विचारले की उत्तर त्यांच्या चेहऱ्यावरच दिसते.

सहावी पायरी : नाव नोंदवल्यानंतर

निवड नववीच्या सुरुवातीला होते आणि विषय दोन वर्षांचा असतो, म्हणून दहावीत पोहोचल्यावर परत तिसऱ्या भाषेकडे वळल्यास नववीचा अभ्यास मागे पडलेला असतो. नोकरी-बदलीमुळे ज्या कुटुंबाची शाळा बदलण्याची शक्यता आहे, त्यांनी हा विषय न घेतलेला बरा. नव्या शाळेत तो नसला, तर भाषेचा दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात करावा लागतो.

विषय घेतल्यावर प्रात्यक्षिकाची वही पहिल्या आठवड्यापासून लिहावी आणि प्रत्येक प्रात्यक्षिकावर तारखेसह शिक्षकांची सही घ्यावी. जानेवारीत सर्व पाने एकदम भरणाऱ्याला तोंडी परीक्षेत काहीच सांगता येत नाही. दहावीचा परीक्षा-अर्ज भरताना तिसऱ्या भाषेच्या रकान्यात व्यवसाय विषयाचेच नाव आले आहे ना, हे पालकांनी स्वतः वाचून पाहावे. नावातील स्पेलिंग आधारकार्ड, एसएटीएस (शिक्षण खात्याची ऑनलाइन विद्यार्थी-नोंद) आणि परीक्षा-अर्ज या तिन्ही ठिकाणी सारखे असावे. मराठी आडनावांचे इंग्रजी आणि कन्नड लेखन प्रत्येक कार्यालयात निराळे होते, आणि ती दुरुस्ती दहावीनंतर फार वेळ घेते.

सातवी पायरी : दहावीनंतरचा मार्ग आधीच पाहून ठेवणे

दहावीतील व्यवसाय विषयामुळे पीयूसीची कोणतीही शाखा बंद होत नाही. माहिती तंत्रज्ञान, रिटेल, ऑटोमोबाईल, आरोग्यसेवा आणि सौंदर्य व निगा हे विषय पीयूसीच्या परीक्षेतही आहेत, तथापि ते मोजक्याच महाविद्यालयांत शिकवले जातात. विज्ञान शाखेकडे जाणाऱ्याने दहावीत व्यवसाय विषयापेक्षा गणित आणि विज्ञानाला अधिक वेळ द्यावा.

हाताने काम करण्याची आवड पक्की झाली असेल, तर आयटीआय हा जवळचा मार्ग आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, तर वेल्डर आणि संगणक चालक (कोपा) हे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण करणाऱ्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात आणि डिप्लोमा पूर्ण करणाऱ्याला डीसीईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. म्हणजे आयटीआयने पदवीचा रस्ता बंद होतो ही समजूत चुकीची आहे. बेळगावात राज्य सरकारच्या टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटरचे, म्हणजे जीटीटीसीचे, केंद्र आहे. तेथील टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा दहावीनंतर करता येतो आणि यंत्रकामात खरा रस असलेल्या मुलासाठी मी तो पर्याय सर्वांत वर ठेवतो.

महाराष्ट्रात शिकण्याचा विचार असणाऱ्यांनी एक गोष्ट वेळीच करावी. महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातील, मराठी मातृभाषा असलेल्या रहिवाशांसाठी स्वतंत्र उमेदवारी प्रकार आहे आणि त्यासाठी ठराविक नमुन्यातील दाखले लागतात. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपले गाव आहे का, हे प्रथम पाहावे, कारण बेळगाव जिल्ह्यातील सर्वच गावे त्यात नाहीत. मातृभाषेची नोंद असलेला शाळेचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा यांच्या साक्षांकित प्रती दहावीच्या निकालाआधी तयार ठेवाव्यात. त्याच वेळी कर्नाटकातील प्रवेशासाठी पहिलीपासून किमान सात वर्षे राज्यात शिकल्याचा अभ्यास-दाखलाही प्रत्येक शाळेकडून घेऊन बीईओंची सही करून ठेवावी. प्राथमिक शाळा आणि हायस्कूल वेगवेगळे असल्यास दोन दाखले लागतात. प्राथमिक शाळेतील जुन्या रजिस्टरमधून नोंद शोधायला वेळ लागतो, म्हणून हे काम एप्रिलच्या सुट्टीपूर्वी, शाळेत कारकून उपस्थित असताना उरकावे.